उष्ण हवामानासाठी मध्यम विद्युतदाबाच्या स्विचगिअरची निवड

मध्यम विद्युतदाबाचे स्विचगिअर म्हणजे १ किलोव्होल्टहून अधिक व ५२ किलोव्होल्टपर्यंतच्या विद्युतदाबावर परिपथ जोडणाऱ्या, तोडणाऱ्या व त्यांचे संरक्षण करणाऱ्या उपकरणांचा धातूच्या कपाटात बसविलेला संच होय. सर्किट ब्रेकर, बसबार, करंट ट्रान्सफॉर्मर, भूसंपर्क स्विच, केबलजोडणीचा कप्पा आणि संरक्षक रिले हे त्याचे मुख्य घटक आहेत. महाराष्ट्रात ११, २२ आणि ३३ किलोव्होल्टच्या वितरण जाळ्यात, कारखान्यांत व वीजनिर्मिती केंद्रांत असे संच सर्वत्र आढळतात. ही उपकरणे ज्या तापमानासाठी घडविलेली असतात त्याहून अधिक उष्ण ठिकाणी ती वापरायची असल्यास त्यांची प्रवाहवहन क्षमता, बंदिस्तता व सहायक घटक यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

‘मध्यम विद्युतदाब’ या संज्ञेबाबत भारतात थोडा घोटाळा होतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांमध्ये ६५० व्होल्टपर्यंतच्या दाबाला मध्यम दाब आणि ३३ किलोव्होल्टपर्यंतच्या दाबाला उच्च दाब म्हटले होते. त्यामुळे जुन्या पिढीतील अभियंते व तारतंत्री ११ किलोव्होल्टच्या कपाटाला आजही ‘एचटी पॅनेल’ म्हणतात. या लेखात मात्र संज्ञेचा आंतरराष्ट्रीय अर्थ घेतला आहे.

प्रमाणित परिस्थिती

स्विचगिअरच्या नामपट्टीवर १२५० अँपिअर असे लिहिलेले असते, तेव्हा त्या आकड्यामागे काही अटी गृहीत धरलेल्या असतात. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या आयईसी ६२२७१-१ या मानकानुसार सर्वसाधारण परिस्थितीत भोवतालच्या हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही आणि त्याची २४ तासांची सरासरी ३५ अंशांहून अधिक नसते. समुद्रसपाटीपासूनची उंची १,००० मीटरपर्यंत धरलेली असते. धातुबंद स्विचगिअरसाठी असलेले आयईसी ६२२७१-२०० हे मानकही याच अटींवर आधारलेले आहे. भारतीय मानक संस्थेने ही मानके ‘आयएस/आयईसी’ या नावाने स्वीकारली आहेत.

या दोन अटींपैकी पहिलीच बहुतेकांच्या लक्षात राहते. दुसरी विसरली जाते. विदर्भातील उन्हाळ्यात दोन्ही मोडतात. चंद्रपूर, नागपूर, अकोला या ठिकाणी मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे नवे नाही. दुपारी ४६ आणि पहाटे ३१ अंश असतील, तर दिवसाची सरासरी ३८ च्या आसपास येते. म्हणजे रात्रीही उपकरणाला निवण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. कुवेतमधील मित्रिबा येथील २१ जुलै २०१६ च्या ५३.९ अंशांच्या नोंदीला जागतिक हवामान संघटनेने मान्यता दिली आहे.

अतिउष्ण हवामानासाठी आयईसी ६२२७१-१ मध्ये उणे ५ ते अधिक ५० अंश अशी विशेष तापमानकक्षा सुचविलेली आहे. भारतातील व आखाती देशांतील अनेक निविदांमध्ये ५० अंश हे संकल्पनाचे तापमान म्हणून लिहिले जाते. मात्र निविदेत ५० लिहिल्याने ४० अंशांसाठी बनविलेले उपकरण ५० अंशांचे होत नाही. निवडीतील खरे काम या दोन आकड्यांमधील अंतर भरून काढण्याचे असते.

या अंतराला विशेष महत्त्व येते ते वीजमागणीमुळे. उष्ण प्रदेशांत वातानुकूलन यंत्रे, कूलर व पंप यांचा भार ऐन उन्हाळ्यात शिखरावर असतो. ३० मे २०२४ रोजी, उष्णतेच्या लाटेच्या काळात, भारताची वीजमागणी सुमारे २५० गिगावॅटपर्यंत पोहोचली होती. थंड देशांत शिखरमागणी बहुधा हिवाळ्यात येते, त्यामुळे तेथे भार अधिक असताना हवा थंड असते. येथे सर्वाधिक प्रवाह आणि सर्वाधिक तापमान एकाच दुपारी एकाच कपाटात एकत्र येतात, आणि त्याच दुपारी पुरवठा बंद पडणे रुग्णालयांना व पाणीपुरवठा योजनांना सर्वांत महाग पडते.

उष्णता कोठे निर्माण होते

कपाटातील उष्णतेचा मुख्य उगम म्हणजे वाहकांचा व जोडांचा रोध. प्रत्येक फेजच्या मार्गाचा रोध १०० मायक्रोओहम धरल्यास १२५० अँपिअरच्या प्रवाहाला तीन फेजमध्ये मिळून सुमारे ४७० वॅट उष्णता निर्माण होते. हा रोध सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. बसबारचे नटबोल्टने आवळलेले जोड, बाहेर ओढता येणाऱ्या ब्रेकरचे ट्युलिप संपर्क आणि केबलचे टोक या मोजक्या जागी तो एकवटलेला असतो. म्हणून कपाटाची क्षमता सरासरी तापमानाने ठरत नाही, सर्वांत उष्ण बिंदूने ठरते.

निर्वात सर्किट ब्रेकरमध्ये एक अडचण अधिक असते. निर्वात कुपीतील संपर्कांना हवा लागत नाही, त्यामुळे तेथील उष्णता तांब्याच्या दांड्यांवाटे दोन्ही टोकांकडेच वाहून जाते. २५०० अँपिअर व त्यावरील ब्रेकरच्या ध्रुवांवर पंखांसारखे उष्णताशोषक बसविलेले दिसतात ते याच कारणासाठी. ३१५० व ४००० अँपिअरच्या काही कपाटांना पंख्यांची सक्तीची हवा द्यावी लागते. अशा कपाटाची निवड करताना पंखा बंद पडल्यावर किती प्रवाह चालेल, हे उत्पादकाकडून लेखी घेणे आवश्यक असते. कारण पंखा हा संपूर्ण संचातील सर्वांत अल्पायुषी भाग असतो.

उष्ण जोड आपोआप अधिक उष्ण होत जातो. तापमान वाढले की तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, उघड्या तांब्यावर ऑक्साइडचा थर जमतो, संपर्कातील स्प्रिंगांचा ताण कमी होतो, वंगण वाळते. यांपैकी प्रत्येक गोष्ट रोध वाढविते आणि वाढलेला रोध पुन्हा तापमान वाढवितो. निरोधक द्रव्येही जलद जीर्ण होतात. रोहित्रांतील तेल-कागद निरोधनाचे आयुष्य दर ८ अंशांच्या वाढीला सुमारे निम्मे होते, असा नियम मॉन्टसिंगर यांनी १९३० मध्ये मांडला होता. स्विचगिअरमधील इपॉक्सीला तोच आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही, पण प्रवृत्ती तीच असते.

कमाल तापमान आणि तापमानवाढ

मानकात प्रत्येक भागासाठी दोन आकडे दिलेले असतात: कमाल तापमान आणि कमाल तापमानवाढ. दुसरा आकडा पहिल्यातून ४० वजा करून मिळतो. हवेतील चांदीचा मुलामा दिलेल्या संपर्काला कमाल १०५ अंश, म्हणजे ६५ केल्विन वाढ, अनुमत असते. उघड्या तांब्याच्या संपर्काला ही मर्यादा ७५ अंश, म्हणजे केवळ ३५ केल्विन आहे. चांदीचा मुलामा दिलेल्या बोल्टच्या जोडाला ११५ अंशांपर्यंत जाता येते. चालविताना ज्याला हात लागतो अशा भागाला ७० अंश, तर हात लावण्याची गरज नसलेल्या पण हाताशी असलेल्या कपाटाच्या पत्र्याला ८० अंश ही मर्यादा आहे.

उष्ण ठिकाणी पहिला आकडा बदलत नाही. दुसरा कमी होतो. चांदीचा संपर्क १०५ अंशांनाच थांबला पाहिजे, मग बाहेर ४० असोत वा ५५. भोवताल ५५ अंश असताना वाढीसाठी ६५ ऐवजी ५० केल्विनच शिल्लक राहतात. मुलाम्याचे महत्त्वही येथेच कळते. त्याच ५५ अंशांना उघड्या तांब्याच्या संपर्काला अवघे २० केल्विन उरतात. उष्ण प्रदेशासाठी स्विचगिअर घेताना संपर्क व जोड चांदीच्या मुलाम्याचे मागणे हा खर्च वाया जाणारा नाही.

क्षमताकपातीचे गणित

भोवतालचे तापमान अधिक असल्यास नामपट्टीवरील प्रवाह कमी धरावा लागतो. याला क्षमताकपात किंवा व्यवहारात डीरेटिंग म्हणतात. तापमानवाढ ही प्रवाहाच्या साधारणपणे १.८ व्या घाताच्या प्रमाणात असते. ती वर्गाच्या प्रमाणात नसते, कारण भाग जसा तापतो तसे त्याचे उष्णता बाहेर टाकणेही सुधारते. त्यामुळे अनुमत प्रवाह काढण्याची रीत अशी: भागाच्या कमाल तापमानातून भोवतालचे प्रत्यक्ष तापमान वजा करावे, त्याला रेटेड प्रवाहाला होणाऱ्या तापमानवाढीने भागावे, भागाकाराचा १/१.८ हा घात घ्यावा आणि त्याने रेटेड प्रवाहाला गुणावे.

चांदीच्या संपर्काची वाढ मर्यादेइतकी, म्हणजे ६५ केल्विन धरली, तर ५० अंशांना हा गुणक ०.९१ आणि ५५ अंशांना ०.८६ येतो. १२५० अँपिअरचे कपाट मग अनुक्रमे सुमारे ११४० आणि १०८० अँपिअरचे उरते. पत्र्याची वाढ ४० केल्विन धरून तेच गणित केले, तर ५५ अंशांना गुणक ०.७७ येतो, म्हणजे सुमारे ९६० अँपिअर. केवळ संपर्काचा विचार करणारा अभियंता येथे फसतो; अनेकदा आधी मर्यादा गाठतो तो पत्रा.

एक उदाहरण घेऊ. ३३/११ किलोव्होल्टच्या २० एमव्हीए रोहित्राचा ११ किलोव्होल्ट बाजूचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे १०५० अँपिअर असतो. थंड प्रदेशात त्यासाठी १२५० अँपिअरचे मुख्य कपाट निःशंकपणे निवडले जाईल. खोलीत ५५ अंश असतील, तर संपर्काच्या हिशेबाने ते काठावर उत्तीर्ण होते आणि पत्र्याच्या हिशेबाने अनुत्तीर्ण. रोहित्र १० टक्के अतिभारावर चालविण्याची प्रथा असेल, तर ११५५ अँपिअरला दोन्ही हिशेब कोलमडतात. १६०० अँपिअरचे कपाट निवडल्यास ५५ अंशांना संपर्काच्या हिशेबाने सुमारे १३८० आणि पत्र्याच्या हिशेबाने सुमारे १२३० अँपिअर मिळतात. रेटेड प्रवाह ६३०, ८००, १०००, १२५०, १६००, २०००, २५०० अशा ठरावीक पायऱ्यांनीच मिळतात, त्यामुळे एक पायरी वर जाणे हा रूढ उपाय आहे.

तो नेहमीच स्वस्त असतो असे नाही आणि नेहमी गरजेचाही नसतो. वरचे गणित कपाट मर्यादेच्या काठावर उत्तीर्ण झाले असे गृहीत धरते. प्रकारचाचणीच्या, म्हणजेच टाइप टेस्टच्या, अहवालात प्रत्येक बिंदूची मोजलेली तापमानवाढ दिलेली असते. समजा १२५० अँपिअरला संपर्काची वाढ ५२ आणि पत्र्याची २८ केल्विन मोजली गेली. मग ५५ अंशांनाही ते कपाट संपर्काच्या हिशेबाने सुमारे १२२० आणि पत्र्याच्या हिशेबाने सुमारे ११७० अँपिअर वाहू शकते, आणि वरच्या उदाहरणातील अतिभारही त्यात बसतो. केवळ ‘चाचणी उत्तीर्ण’ असे सांगणारे प्रमाणपत्र येथे निरुपयोगी ठरते. आकड्यांचा तक्ता मागवावा लागतो.

मंडन क्षमता, म्हणजे लघुपरिपथाचा प्रवाह तोडण्याची क्षमता, तसेच अल्पकालीन प्रवाह सोसण्याची क्षमता यांत मात्र सहसा कपात करावी लागत नाही. सततचा प्रवाह कमी करून भागांचे तापमान मर्यादेत ठेवले, तर दोषाच्या क्षणी ते पूर्वीच्याच तापमानापासून सुरुवात करतात.

भोवतालचे तापमान म्हणजे कोणते

हवामान खात्याचे तापमान सावलीत, मोकळ्या हवेत मोजलेले असते. स्विचगिअरच्या दृष्टीने भोवताल म्हणजे कपाटाला लागून असलेली खोलीतील हवा. बारा कपाटांच्या रांगेतून काही किलोवॅट उष्णता सतत बाहेर पडत असेल आणि खोलीला दोन जाळीदार खिडक्याच असतील, तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा सहज काही अंश अधिक तापते. छप्पर पत्र्याचे असेल तर फरक आणखी वाढतो. उघड्यावरील कपाटांसाठी सूर्यकिरणांचा भारही मोजावा लागतो; मानकात भर दुपारी तो दर चौरस मीटरला १,००० वॅट धरला आहे. छत्रीसारखे दुहेरी छप्पर, फिका रंग आणि पश्चिमेकडील भिंतीला सावली हे साधे उपाय येथे मोठे काम करतात.

खोली वातानुकूलित करून ४० अंशांच्या आत ठेवणे हा दुसरा मार्ग होय. आखाती देशांत तो सर्रास वापरला जातो. त्यात धोका असा की, स्विचगिअरची क्षमता मग एका वेगळ्याच यंत्राच्या भरवशावर राहते. ज्या बिघाडाने पुरवठा डळमळीत होतो, त्यानेच वातानुकूलन बंद पडू शकते. म्हणून एक यंत्र राखीव ठेवणे, खोलीच्या तापमानाची सूचना नियंत्रण कक्षात देणे आणि वातानुकूलन नसताना किती भार चालेल हे आधीच काढून ठेवणे आवश्यक आहे. हे तीनही करायचे नसेल, तर मोठे कपाट घेणे अधिक शहाणपणाचे.

उलट चूकही आढळते. उत्पादकाने ५० अंशांसाठी आधीच कमी करून दिलेल्या आकड्यावर सल्लागार पुन्हा कपात लावतो आणि १२५० चे काम २५०० च्या कपाटाला सांगितले जाते. मागणीपत्रात ‘खोलीतील कमाल तापमान अमुक असताना सतत अमुक अँपिअर’ असे एकाच वाक्यात लिहिले, तर हा गोंधळ टळतो.

बंदिस्तता, धूळ आणि वायू

उष्ण प्रदेश बहुधा धुळीचेही असतात, आणि धूळ व उष्णता यांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. हवा खेळावी म्हणून झरोके ठेवले तर धूळ आत येते. आयपी ५४ सारखी बंदिस्तता मागितली तर झरोके बंद होतात आणि तेच कपाट कमी प्रवाह वाहते. चाचणी ज्या बंदिस्ततेत झाली तीच प्रत्यक्षात पुरविली जात आहे ना, हे म्हणूनच तपासावे लागते. झरोक्यांना नंतर बसविलेल्या गाळण्या धुळीने भरल्या की कपाट न सांगता बंदिस्त होऊन बसते.

वायुनिरोधित स्विचगिअरमध्ये उच्चदाबाचे भाग सीलबंद टाकीत असल्याने धूळ व खारी हवा तेथे पोहोचत नाही. थरचे वाळवंट किंवा कच्छचा किनारा अशा ठिकाणी हा गुण निर्णायक ठरतो. टाकीतील वायूचा दाब तापमानासोबत वाढतो: २० अंशांना १.३ बार असलेला निरपेक्ष दाब ५५ अंशांना सुमारे १.४५ बार होतो. त्यामुळे साध्या दाबमापकाऐवजी तापमानाचा हिशेब ठेवणारा घनतामापक हवा, नाहीतर दुपारच्या उष्णतेत गळती झाकली जाते. या टाक्यांत रूढ असलेला सल्फर हेक्साफ्लोराइड हा अतिशय तीव्र हरितगृह वायू आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून २४ किलोव्होल्टपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये अशा फ्लोरिनयुक्त वायूंवर बंदी घातली आहे. पर्यायी वायू वा शुष्क हवा वापरणाऱ्या कपाटाची उष्णतावहन क्षमता वेगळी असते, म्हणून जुन्या मॉडेलचा तापमान अहवाल नव्याला लावता येत नाही.

किनारपट्टीवर उष्णतेसोबत आर्द्रताही येते. थंड केलेल्या खोलीचे दार उघडले की दमट हवा गार पत्र्यावर दवते. त्यामुळे ४५ अंशांच्या प्रदेशातही कपाटांत दवरोधक हीटर बसवितात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते.

सहायक घटक आणि केबल

मुख्य परिपथ सुरक्षित असूनही उष्णतेने संच बंद पडू शकतो. अंकीय संरक्षक रिले बहुधा ५५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनविलेले असतात. खोलीत ५० अंश असताना रिलेच्या बंद कप्प्यात ती मर्यादा सहज ओलांडली जाते. ब्रेकरला ट्रिप करण्याची शक्ती देणारी सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी २० ते २५ अंशांसाठी संकल्पित असते आणि दर १० अंशांच्या वाढीला तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते. बॅटरी मेली तर ब्रेकर दोष ओळखूनही उघडत नाही. खोलीत इतर काहीही थंड करणे परवडत नसेल, तरी बॅटरीला वेगळी गार जागा द्यावी.

केबलचे टोक ही निवडीतील बहुधा दुर्लक्षित जागा. चांदीच्या मुलाम्याचा जोड ११५ अंशांपर्यंत नियमाने जाऊ शकतो, पण त्याला जोडलेल्या एक्सएलपीई केबलच्या वाहकाची सततची मर्यादा ९० अंश आहे. स्विचगिअर आपल्या मानकानुसार निर्दोष आणि केबल मात्र भाजत आहे, अशी स्थिती त्यामुळे संभवते. शिवाय केबलचे प्रमाणित तक्ते हवेचे तापमान ३० आणि जमिनीचे २० अंश धरून केलेले असतात, म्हणजे त्यांची कपात स्विचगिअरच्या कपातीपेक्षा वेगळी व मोठी असते. उष्ण ठिकाणी केबल एक आकार मोठी घेतल्यास ती कमी तापते आणि जोडातील काही उष्णता ओढूनही नेते.

उंची, वारंवारता आणि इतर बाबी

दख्खनच्या पठाराचा बहुतेक भाग १,००० मीटरखाली असल्याने महाराष्ट्रात उंचीची दुरुस्ती क्वचितच लागते. त्यावरील ठिकाणी विरळ हवेमुळे निरोधन व शीतलीकरण दोन्ही घटतात. २,००० मीटरला निरोधनाची पातळी सुमारे १३ टक्क्यांनी वाढवून मागावी लागते.

सौदी अरेबियात वारंवारता ६० हर्ट्झ आहे, तर भारतात व बहुतेक शेजारी आखाती देशांत ५० हर्ट्झ. वारंवारता वाढली की त्वचापरिणाम व पत्र्यातील भोवरा प्रवाह वाढून तापमान थोडे चढते. ५० हर्ट्झला झालेली चाचणी ६० हर्ट्झला तेव्हाच ग्राह्य धरतात, जेव्हा मोजलेली वाढ अनुमत वाढीच्या ९५ टक्क्यांपेक्षा अधिक नसते.

उभारणीनंतर

बसविलेल्या कपाटाची तापमानातील बचत कालांतराने झिजते. जोड योग्य पिळाने आवळले आहेत का आणि मुख्य मार्गाचा रोध मूळ नोंदीच्या तुलनेत किती आहे, हे उन्हाळ्यापूर्वी मोजणे फलदायी असते. रोध मोजण्यासाठी किमान ५० अँपिअरचा एकदिश प्रवाह वापरतात. साध्या मल्टिमीटरने मायक्रोओहम मोजता येत नाहीत. प्रकारचाचणीत तापमानवाढीनंतर रोध २० टक्क्यांहून अधिक वाढलेला चालत नाही, आणि देखभालीतही तीच खूण सोयीची पडते. अवरक्त कॅमेऱ्याने केलेली पाहणी तेव्हाच उपयोगाची, जेव्हा कपाटाला अवरक्त किरण पार होणारी खिडकी असते आणि त्या वेळचा भार नोंदलेला असतो. जानेवारीच्या सकाळी अर्ध्या भारावर ३० केल्विन अधिक दाखविणारा जोड पूर्ण भाराला, १.८ च्या घाताने, १०० केल्विनच्या पुढे जातो. मेमध्ये खोलीत ५० अंश असतील, तर असा जोड १५० अंशांच्या वर पोहोचेल.